निळ्या बॅटरीचा उजेड

२०२० च्या सप्टेंबरात, कोरोनाच्या साथीत, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि राज्यभर पथकं घरोघर जाऊ लागली. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात घरोघर जाणं म्हणजे काय, ते हा मुलूख पायी तुडवलेल्यालाच कळतं. दोन घरं रस्त्याला, चार ओढ्यापलीकडे, एखादा धनगरवाडा थेट डोंगराच्या सोंडेवर. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं सरकारने ठरवलं आहे, लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) पथकाच्या पिशवीत दोन यंत्रं असायची. एक कपाळासमोर धरायचा तापमापक, दुसरा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. एक अंगातून निघणारे अवरक्त किरण मोजतो, दुसरा बोटातून प्रकाश आरपार पाठवतो. सुई नाही, रक्त नाही, प्रयोगशाळा नाही. म्हातारी माणसं बोट पुढे करायची आणि आकडा काय आला ते विचारायची.

ऑक्सिमीटरच्या चिमट्यात दोन दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा, ९४० नॅनोमीटरचा. प्राणवायू घेतलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त थोडा जास्त. प्राणवायू सोडून आलेल्या रक्ताचं उलटं. म्हणून दोन्ही दिव्यांचा किती उजेड पलीकडे पोचला याचं गुणोत्तर काढलं की रक्तात प्राणवायू किती ते कळतं. पण बोटात नुसतं रक्त नसतं. कातडी असते, हाड असतं, नख असतं. ते वजा कसं करायचं? नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्ताची नवी लाट येते. प्रकाशाचा जो भाग त्या ठोक्याबरोबर वरखाली होतो तेवढाच धरायचा, बाकी स्थिर राहणारं सगळं सोडून द्यायचं.

ही युक्ती जपानच्या निहोन कोदेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांना सुचली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. गंमत अशी की ते प्राणवायू मोजायला निघालेच नव्हते. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे मोजायची त्या काळी एक रीत होती: शिरेतून हिरवा रंग टोचायचा आणि तो कानाच्या पाळीतून जाताना प्रकाशाने टिपायचा. नाडीच्या ठोक्यांमुळे त्या आलेखात सारखे खाचखळगे यायचे. ते खाचखळगे घालवायच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आलं की नको असलेल्या या ठोक्यांतच रक्तातल्या प्राणवायूची माहिती दडली आहे. १९७४ मध्ये त्यांनी हे काम मांडलं. जगभर दारोदार ऑक्सिमीटर शोधले जात होते त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले.

तो हिरवा रंग म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. त्याची कथा इथे संपत नाही. हा रंग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतो आणि शरीरात तो बाहेर काढणारा अवयव एकच, यकृत. त्यामुळे रंग टोचून १५ मिनिटांनी तो रक्तात किती उरला ते पाहिलं की यकृताची ताकद कळते. निरोगी माणसात १० टक्क्यांच्या आत उरतो. पूर्वी यासाठी पुन्हापुन्हा रक्त काढावं लागे. पुढे बोटाला लावायच्या चिमट्यानेच ते मोजता येऊ लागलं. यकृताचा तुकडा कापायचा असेल, रोपण केलेलं नवं यकृत कामाला लागलं की नाही हे पाहायचं असेल, तर शल्यविशारद हा आकडा मागतात. म्हणजे पथकाच्या पिशवीतला ऑक्सिमीटर आणि अवयवरोपणाच्या अतिदक्षता विभागातलं हे यंत्र एकाच घराण्यातले.

पण मांसातून जाणारा प्रकाश भरकटतो, विखुरतो, कातडीच्या रंगाने अडतो. ऑक्सिमीटरचा आकडा काळ्या कातडीवर जास्त फसवा असतो, हे अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात छापलेल्या एका अभ्यासाने पुन्हा दाखवून दिलं: यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली असल्याची उदाहरणं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होती, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. उन्हातान्हात राबून रापलेल्या बोटांच्या आपल्या मुलखाने ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

शरीराच्या पृष्ठभागावर एकच भाग असा आहे जिथे प्रकाशाला कुणी अडवत नाही. तो म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, बुबुळावर बसवलेल्या काचेसारखा. मराठीत त्याला पारपटल म्हणतात, दवाखान्यात कॉर्निया. रोग ओळखण्यापासून रोपणापर्यंत आणि रोपणानंतर आयुष्यभर, सगळं काम प्रकाशावर चालतं असा हा बहुधा एकमेव अवयव. आणि भोर-वेल्ह्याचा त्याच्याशी असलेला संबंध थेट शेतातून जातो.

या दोन तालुक्यांचं मुख्य पीक भात. पावसाळ्यात लावणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी नि झोडणी. भाताचं रोप मातीतून भरपूर सिलिका शोषून घेतं, वाळूत असते तीच. ती पातीच्या कडेला बारीक दातऱ्यांत साठते. म्हणून भाताची पात हाताला कापते. वाकून काम करणाऱ्याच्या डोळ्याला ती घासून गेली किंवा झोडताना साळीचं कुसळ उडून डोळ्यात गेलं, तर पारपटलाच्या वरच्या थरावर ओरखडा उठतो. माणूस डोळा चोळतो, पाणी मारतो, पुन्हा कामाला लागतो. कुणी जिभेच्या शेंड्याने कुसळ काढून देतं, कुणी मध घाल म्हणतं, कुणी अंगावरचं दूध. बहुतेक ओरखडे दोन दिवसांत आपोआप भरून येतात. पण पातीवर, चिखलात, कुजक्या पेंढ्यात बुरशीचे बीजाणू असतात. फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस ही त्यांची नावं. ओरखड्याच्या दारातून ते आत शिरले की आठ-दहा दिवसांत बुबुळावर राखाडी-पांढरा ठिपका दिसू लागतो. तो वाढतो, जखम होते, आणि जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. गावात म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या माणसांच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण पारपटलावरचे डाग हेच निघालं, ३७.५ टक्के. मोतीबिंदू म्हातारपणी येतो आणि तासाभरात निघतो. फूल कर्त्या वयात पडतं.

आता या ओरखड्याचं निदान. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, कारण पारदर्शक पडद्यावरचा ओरखडाही पारदर्शकच. त्यासाठी फ्लुओरेसिन नावाचा केशरी-पिवळा रंग लावतात. आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो १८७१ मध्ये तयार केला. पारपटलाचा वरचा थर शाबूत असेल तर हा रंग अश्रूंबरोबर वाहून जातो; थर जिथे सोलला आहे तिथे तो मुरतो. मग निळा प्रकाश टाकायचा. रंगाचा रेणू निळा उजेड शोषतो आणि हिरवा उजेड परत फेकतो, त्यामुळे ओरखडा हिरवागार चमकतो. पूर्वी या रंगाची बाटली मिळायची. त्या बाटलीतच स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढायचे आणि तपासणीतूनच नवी जखम व्हायची. १९५१ पासून रंगात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या आल्या. पट्टी ओली करायची, पापणीच्या आत टेकवायची, निळ्या काचेची बॅटरी लावायची. एवढंच.

ही एवढीशी तपासणी वेळेवर झाली तर काय होऊ शकतं, हे नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासाने दाखवलं. तोही भातशेतीचाच प्रदेश. सुमारे ३५ हजार वस्तीत गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं: डोळ्याला काही लागलं म्हणून कुणी आलं की लगेच जवळच्या नेत्रकेंद्रात पाठवा. तिथे तपासून ओरखडा निघाला तर क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस देत. २००१ मध्ये निकाल छापून आला. ओरखडा असलेल्या ४४२ जणांना हे मलम दिलं. दुखापतीनंतर १८ तासांच्या आत आलेले २८४ जण होते. त्यांतल्या एकालाही जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना चिघळली. आणि दुसऱ्या दिवसावर गेलेल्या ४९ पैकी १४ जणांना.

हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत आणि दर वेळी त्यांत औषधापेक्षा घड्याळच मोठं दिसतं. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे नेपाळमध्येच गावांचे दोन गट पाडून याहून फार मोठी चाचणी झाली. काही गावांना पट्टी आणि निळी बॅटरी वापरायला शिकवलेले कार्यकर्ते दिले, काहींना दिले नाहीत. दोन्हीकडे पारपटलाच्या जखमांचं प्रमाण सारखंच निघालं. म्हणजे निळी बॅटरी गावात नेऊन ठेवली की काम झालं असं नाही. लागल्या दिवशीच माणूस तिच्यापर्यंत आला पाहिजे, आणि लावणीच्या दिवसांत शेत सोडून कुणी सहसा येत नाही.

केळद किंवा पासलीकडची बाई झोडणीच्या दिवशी डोळा लाल करून घेते. वेल्ह्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. बाजाराच्या दिवशी जाऊ म्हणते. मध्ये कुणी तरी दुकानातून थेंब आणून देतं. या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते टाकलं की लाली ओसरते, दुखणं थांबतं, माणूस म्हणतो गुण आला. पण स्टेरॉइडने शरीराचा पहारा उठतो आणि आतली बुरशी मोकाट पसरते. बुरशीचं औषध वेगळं असतं, नाटामायसिन. तेही तासातासाला आणि आठवडेच्या आठवडे टाकावं लागतं. लाल डोळ्यासाठी कुठला थेंब, हे लालीवरून ठरवताच येत नाही. ते ठरतं पडद्याच्या आत काय चाललं आहे ते पाहून.

आत पाहता येतं याचं कारण मुळात हा पडदा पारदर्शक आहे, आणि ते सोपं नाही. पारपटल बनलेलं असतं कोलॅजनचं. आपली कातडी, स्नायुबंध, डोळ्याचा पांढरा भाग, सगळं याच कोलॅजनचं, आणि त्यांतलं काहीच पारदर्शक नाही. १९५७ मध्ये डेव्हिड मॉरिस यांनी याचा उलगडा केला. पारपटलात कोलॅजनचे धागे पंचवीस-तीस नॅनोमीटर जाडीचे, प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी बारीक असतात. शिवाय ते इतक्या ठरावीक अंतरावर रचलेले असतात की प्रत्येक धाग्याने बाजूला फेकलेला प्रकाश शेजारच्याने फेकलेल्याला खोडून काढतो. फक्त सरळ जाणारा उरतो. या रचनेत पाणी शिरलं, अंतरं बिघडली, की पडदा पांढुरका होतो. पाणी तर सारखंच आत झिरपत असतं. ते उपसायचं काम पडद्याच्या मागच्या बाजूला असलेला षटकोनी पेशींचा एक थर करतो. एका पेशीएवढीच त्याची जाडी. या पेशी रात्रंदिवस पंप चालवतात, आणि माणसात त्या मेल्या की नव्या येत नाहीत.

अशा पडद्याचं माणसात टिकलेलं पहिलं रोपण एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे केलं. रुग्ण एक मजूर होता. त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते. एका मुलाचा अपघातात निकामी झालेला डोळा काढावा लागला, त्या डोळ्याचं पारपटल मजुराला बसवलं, आणि दोनपैकी एक डोळा टिकला. चुना इथे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब खेळताना दाबून पोरांचे डोळे आजही भाजतात. झिर्मकडे आत काय चाललं आहे हे नीट पाहायचं साधनही नव्हतं. ते सहा वर्षांनी आलं.

१९११ मध्ये स्वीडनच्या आल्व्हार गुलस्ट्रांड यांनी स्लिट लॅम्प दाखवला. त्याच वर्षी त्यांना डोळ्याच्या प्रकाशशास्त्रासाठी नोबेल मिळालं. कौलाच्या फटीतून अंधाऱ्या माजघरात उन्हाची तिरीप आली की एरवी न दिसणारी धूळ तिच्यात नाचताना दिसते. स्लिट लॅम्प हेच करतो. प्रकाशाची एक पातळ उभी पट्टी डोळ्यात तिरकी सोडायची आणि दुसऱ्या कोनातून सूक्ष्मदर्शकाने पाहायचं. अर्ध्या मिलिमीटरच्या पारपटलाचा जणू काप काढल्यासारखा छेद दिसतो, न कापता. ठिपका वरच्या थरात आहे की खोल, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या आहेत का, मुख्य जखमेच्या आजूबाजूला छोटी बेटं उमटली आहेत का. विस्कटलेल्या कडा आणि बेटं दिसली की डॉक्टर बुरशीचा संशय घेतात आणि जखम खरवडून तो नमुना काचपट्टीवर तपासतात. लॅम्पच्या पट्टीत पडद्यामागच्या पाण्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशीही दिसतात, त्या तिरिपेतल्या धुळीसारख्याच. त्यांवरून आत दाह किती ते कळतं. शंभर वर्षं उलटून गेली तरी नेत्रतज्ज्ञाच्या टेबलावरून हे यंत्र हललेलं नाही. पुढची सगळी यंत्रं त्याच्याच शेजारी येऊन बसली.

औषधाने डोळा वाचला नाही किंवा फूल नेमकं बाहुलीसमोर पडलं तर रोपणाचा प्रश्न येतो. त्यासाठी लागतं मेलेल्या माणसाचं पारपटल. इथे पुन्हा घड्याळ येतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढले जावेत असं नेत्रपेढ्या सांगतात, कारण मागचा तो पेशींचा थर रक्तपुरवठ्याविना मरत जातो. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घ्यायची, नेत्रपेढीला फोन करायचा. आधी अर्ज भरलेला नसला तरी नातेवाइकांची संमती पुरते. अवयवरोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून डॉक्टरच यायला हवा असंही राहिलं नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञालाही हे काम करता येतं. पुण्याहून वेल्हे नि भोर ही गावं ५०-६० किलोमीटरवर आहेत. सहा तासांत ते बसतं. पण नसरापूर सोडून आत वळलं, मार्गासनी, विंझर मागे टाकून घाटमाथ्याकडे निघालं, मध्यरात्र असली आणि आषाढाचा पाऊस असला, की हिशेब बदलतो. मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर मिळण्यातच निम्मा वेळ जातो. नेत्रदानाच्या भाषणांत श्रद्धा-अंधश्रद्धेवर फार बोललं जातं, रस्त्यांवर फारसं कुणी बोलत नाही.

नेत्रपेढीत आलेलं प्रत्येक पारपटल रोपणाच्या लायकीचं नसतं. ते ठरवतो पुन्हा प्रकाशच. आधी स्लिट लॅम्पखाली डाग, घड्या, जुनी जखम पाहतात. मग स्पेक्युलर मायक्रोस्कोप. हाही डेव्हिड मॉरिस यांच्याच डोक्यातून निघालेला, १९६८ मध्ये. पडदा पारदर्शक आहे हे खरं, पण त्याच्या मागच्या पृष्ठभागावरून थोडासा प्रकाश उलटून येतो. नेमक्या कोनातून तो पकडला की षटकोनी पेशींची फरशी दिसू लागते, एकेक पेशी मोजता येईल इतकी. तरुणपणी चौरस मिलिमीटरला तीन हजारांच्या आसपास पेशी असतात, वयाबरोबर त्या कमी होतात. दृष्टीसाठी करायच्या रोपणाला नेत्रपेढ्या साधारण दोन हजारांच्या वरचं पारपटल घेतात. पाचशेच्या खाली गेलं की पंप थकतात आणि पडदा पांढरा होतो. डोळ्यांना लख्ख दिसणारं पारपटल या मोजणीत नापास होतं, आणि ऐंशी वर्षांच्या आजीचं कधी पास होऊन जातं. नापास झालेलं फुकट जात नाही. फुटायला आलेली जखम बुजवायला किंवा विद्यार्थ्यांच्या सरावाला ते उपयोगी पडतं. पूर्वी सगळा डोळाच दमट बाटलीत ठेवत आणि दिवसा-दोन दिवसांत रोपण उरकावं लागे. १९७४ मध्ये मॅककेरी-कॉफमन द्रावण आलं, त्यात पारपटल थंड ठेवलं तर चार दिवस मिळतात. नंतरच्या द्रावणांत दोन आठवड्यांपर्यंत.

रोपणाची पद्धतही बदलली आहे. पूर्वी पडद्याचा पूर्ण जाडीचा गोल तुकडा बदलत. आता रोग फक्त मागच्या थरात असेल तर तेवढाच थर बदलतात. नेदरलँड्सच्या हेरिट मेलेस यांनी २००६ पासून रुळवलेल्या या पद्धतीत बसवायचा थर १५ मायक्रॉनच्या आसपास असतो, केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. तो डोळ्यात सोडला की आपोआप गुंडाळला जातो. तो उलटा बसला तर पंप चुकीच्या बाजूला येतात आणि रोपण वाया जातं. सुलटा की उलटा हे कसं ओळखायचं? इथे ओसीटी, म्हणजे प्रकाशाने आतला छेद दाखवणारं तंत्र, कामाला येतं. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, जेम्स फुजिमोतो, डेव्हिड ह्वांग आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र मांडलं. सोनोग्राफीत ध्वनीचा प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजतात. प्रकाशाचा प्रतिध्वनी असा मोजता येत नाही. दहा मायक्रॉन जायला प्रकाशाला किती वेळ लागतो? सेकंदाच्या एक अब्जांशाचे लाख भाग केले तर त्यांतले जेमतेम तीन-चार, आणि तेवढं वेगवान घड्याळ कुठल्याही विद्युत यंत्रात नाही. म्हणून त्यांनी प्रकाश दोन वाटांत विभागला. एक वाट डोळ्यात, दुसरी आरशाकडे. परत येताना दोन्ही जिथे एकमेकांत मिसळून पट्टे उमटवतात तिथे दोन्हींचं अंतर सारखं. अशा रीतीने थराथराचा छेद पडद्यावर उभा राहतो. शस्त्रक्रिया चालू असताना तो दिसला की गुंडाळी कुठल्या बाजूला वळली आहे ते शल्यविशारदाला कळतं. ह्वांग त्या वेळी वैद्यक आणि अभियांत्रिकी दोन्ही शिकत होते. या क्षेत्रातली बरीचशी कामं अशाच दोन खात्यांच्या माणसांनी एका टेबलावर बसून केलेली आहेत.

आपल्या माणसांचंही यात नाव आहे. नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर एमआयटीत गेले. तिथे त्यांच्या गटाने २०१० मध्ये नेत्रा नावाचं साधन दाखवलं: मोबाइलच्या पडद्यावर एक छोटं भिंग बसवायचं, त्यातून पाहत बटणं दाबायची, चष्म्याचा नंबर निघतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेबरोबर त्यांच्या गटाने पुढे बरीच कामं केली. बेंगळुरूत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी शंकरा नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांना घेऊन स्मार्टकेसी केलं. वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरून पारपटलावर पडलेलं प्रतिबिंब वाकडं आहे का ते पाहायचं, ही १८८० ची पोर्तुगीज डॉक्टर प्लासिदो यांची युक्ती. ती त्यांनी फोनला जोडायच्या छापील तबकडीत आणली. पोरवयात पडदा शंकूसारखा पुढे येत जातो तो केराटोकोनस हा आजार त्यातून लवकर सापडतो, आणि लवकर सापडला तर रोपण टाळता येतं.

डोळा सोडून इतर रोगांकडे वळलं की प्रकाशाला जास्त घाम गाळावा लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम असा: पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला की परत येणाऱ्या प्रकाशात अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून असतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात सी. मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेने टाटा मेमोरिअलचे शल्यविशारद पंकज चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांना बरोबर घेऊन हा प्रकाश तोंडाच्या कॅन्सरवर वापरला. गालाच्या आतल्या बाजूला बारीक नळी टेकवायची, लेझर सोडायचा, परतलेल्या प्रकाशाचा आलेख घ्यायचा. त्यांच्या २०१३ च्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या एका गालात कॅन्सर आहे त्याच्या दुसऱ्या, दिसायला निरोगी गालाचा आलेखही तंबाखू न खाणाऱ्या निरोगी माणसाच्या गालापेक्षा वेगळा निघाला. म्हणजे डोळ्यांना दिसायच्या आधी बदल सुरू झालेला असतो. तंबाखू मळणाऱ्या हातांच्या आपल्या गावांत हे तंत्र कधी पोचेल, याची वाट पाहण्यासारखी आहे. अजून ते मुख्यतः संशोधनातच आहे.

मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेलेल्या अनिता महादेवन-जॅन्सन यांचं काम मात्र शस्त्रक्रियागृहात पोचलं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, शरीरातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. थायरॉइड काढताना त्या चुकून निघतात. कुठलाही रंग न टोचता, नुसता अवरक्ताच्या जवळचा प्रकाश टाकला की या ग्रंथी आजूबाजूच्या मांसापेक्षा जास्त चमकतात, हे त्यांच्या गटाला आढळलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तत्त्वावरच्या दोन यंत्रांना परवानगी दिली. निघून आलेली ग्रंथी वेळीच ओळखू आली तर तिचे तुकडे करून त्याच रुग्णाच्या स्नायूत पुन्हा रोवता येतात.

आता परत त्या झोडणीतल्या बाईकडे. समजा तिचं रोपण झालं, पडदा लख्ख झाला, ती घरी आली. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीर परक्या पडद्याला सहसा ओळखत नाही. मूत्रपिंड किंवा यकृताच्या रोपणाएवढी जबर औषधं लागत नाहीत. पण कधी तरी ओळखतं, दोन महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, नजर धुरकट होते. स्लिट लॅम्पखाली पडद्याच्या मागच्या थरावर पेशींची एक बारीक रेषा दिसते. खोदादुस्त आणि सिल्व्हरस्टाइन यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेली ही रेषा पडद्यावरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत जाते आणि वाटेतल्या पंपपेशी मारत जाते. उपाय काय? स्टेरॉइडचे थेंब, तासातासाला, ताबडतोब. दुकानातून आणलेल्या ज्या थेंबाने तिचा डोळा घालवला, जवळपास तोच थेंब आता तो वाचवणार असतो. आणि त्याच डोळ्यात पुन्हा पातीचा ओरखडा बसून बुरशी आली असेल तर तोच थेंब दुसऱ्यांदा घात करणार.

दोन्ही वेळा डोळा सारखाच लाल असतो. फोनवर काढलेल्या फोटोत लाली दिसते, ती रेषा दिसत नाही. सरकारी ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी हे पद असतं. त्यांच्या स्लिट लॅम्पच्या भिंगाला फोन अडकवायचा साधा जोड लावला तर प्रकाशाच्या पट्टीतला छेद फोटोत येतो, आणि तो पुण्यातल्या पारपटलतज्ज्ञाला मिनिटभरात पाहता येतो. नव्या यंत्रांच्या बातम्यांपेक्षा मला या जोडाचं जास्त वाटतं. त्याच्याबरोबर फ्लुओरेसिनच्या पट्ट्या आणि निळ्या काचेची बॅटरी उपकेंद्रात हवी, लावणीच्या आधी एकदा आणि झोडणीच्या आधी एकदा भरून ठेवलेली. आणि रोपण झालेल्या प्रत्येकाला घरी सोडताना एवढं तोंडपाठ करून द्यायला हवं: डोळा लाल झाला तर दुकानात जायचं नाही, बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी स्लिट लॅम्पसमोर जाऊन बसायचं.